वीणेची किनार
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय विचारायला कार्यकर्ते आले तेव्हा मी ‘वीणा’ एवढंच सांगितलं. त्यांची समजूत झाली की मी संगीतावर बोलणार. तेवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात मुलगी वीणा वाजवते, मी ती उचलून ठेवतो. पण तिच्यासाठी वीणा करून घ्यायची ठरली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन बसायची मला सवय लागली आणि ती वीणा घरी आल्यावरही सुटली नाही. तिथे जे पाहिलं आणि विचारलं, त्यातला एक लहानसा भाग आज सांगणार आहे. वीणेच्या काठाने जी पांढरी नक्षीदार पट्टी जाते, ती किनार. ती कुठे बसवावी, केव्हा बसवावी आणि किती बसवावी, एवढाच आजचा विषय.

हा विषय निवडला, कारण वीणा घ्यायला जाणारे आपल्यापैकी बहुतेक जण तीच पट्टी बघून पैसे देतात.

आधी काही शब्द. वीणा घडवणाऱ्याला इथे ‘आसारी’ म्हणतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला ते ‘आचारी’ ऐकू येतं आणि हा स्वयंपाकी लाकूड का तासतोय, असा प्रश्न पडतो. वीणेचा मोठा गोल भाग तो ‘कुडम’, म्हणजे घडा. त्याच्या तोंडावर बसवलेली फळी ‘पलगै’, आपल्या तंबोऱ्याची तबली समजा. पलगैवर उभी असते ती ‘कुदिरै’. कुदिरै म्हणजे घोडा, आणि आपणही तिला घोडीच म्हणतो. पुढे पोकळ दांडी, मग खुंट्यांची पेटी, आणि टोकाला खाली वळलेलं याळीचं तोंड. खुंट्यांच्या बाजूला दांडीखाली दुसरा लहान भोपळा असतो. पूर्वी तो खरा भोपळा असे, आता बहुधा कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचा असतो. लांबी सुमारे चार फूट, पडदे २४, वाजवायच्या तारा ४ आणि बाजूने तालाच्या ३. तार बारीक सुरात आणायला जी कडी सरकवतात तिला ‘लंगर’ म्हणतात. हा शब्द कारखान्यात पहिल्यांदा ऐकला तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

लाकूड फणसाचं. कडलूर जिल्ह्यातल्या पण्रुटीचे फणस प्रसिद्ध आहेत, तिकडूनच बरंचसं लाकूड येतं. कुडम, दांडी आणि याळीपर्यंतचा भाग एकाच ओंडक्यातून काढला तर ती ‘एकांड’ वीणा. वेगवेगळे भाग करून जोडले तर ती जोडाची. या तंजावर वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला ते २०२४ मध्ये मिळालं.

मिरजेचं नाव निघालंच आहे तर किनारीची गोष्ट तिथूनच समजून घेऊ, कारण तंबोरा आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेत फरीदसाहेबांनी हा व्यवसाय सुरू केला. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं घडवणारं आणि त्यांना धार लावणारं. त्या तंबोऱ्यात भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तिथे लाकडात कोरलेली पानं चिकटवलेली असतात. आपण ती शोभेची समजतो. शोभा आहेच, पण भोपळा आणि लाकूड या दोन वेगळ्या जिनसांचा सांधा त्या पानांनी धरून ठेवलेला असतो आणि झाकलेलाही असतो. तबलीच्या कडेने जाणारी पट्टीही तशीच. तिथे लाकडाचा उघडा काठ असतो, तो फुटतो, घामाने काळा पडतो, त्यावर पट्टी येते.

वीणेची किनारही अशीच कामाला येते. कुडमाचं तोंड आणि पलगै यांचा सांधा तिच्याखाली जातो. दांडी वरून एका लांब फळीने बंद केलेली असते, तिच्या दोन्ही कडांना किनार लागते. कुडम आणि दांडी मिळतात तिथे रुंद नक्षीदार पट्टा येतो. म्हणजे जिथे सांधा तिथे किनार. आसारी नक्षी बसवतो म्हणताना पुष्कळदा तो सांधा बंद करत असतो.

यातच एक गोम आहे. झाकणारी वस्तू चांगलं झाकते तसं वाईटही झाकते. कुडम आणि दांडीमधला तो पट्टा जोडाच्या वीणेला लागतोच, पण काही एकांड वीणांवरही त्याच जागी शोभेसाठी बसवतात. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, किमतीत मात्र मोठा फरक असतो. तेव्हा एकांड सांगून घेत असाल तर पॉलिश होण्यापूर्वी जा, वीणा उलटी करायला सांगा आणि पाठीमागून लाकडाच्या रेषा बघा. त्या कुडमावरून दांडीत सरळ वाहत गेल्या असतील तर लाकूड एक आहे. पट्ट्याशी येऊन रेषांची दिशा किंवा रंग बदलला तर जोड आहे. जोडाची वीणा वाईट असते असा माझा मुळीच दावा नाही. चांगली जोडलेली वीणा आयुष्यभर उत्तम बोलते, आणि एवढे मोठे फणसाचे ओंडके मिळणं दिवसेंदिवस अवघड होत आहे. फक्त आपण काय घेतो आहोत हे माहीत असावं.

आता ‘कुठे’ हा प्रश्न. पलगै ही बोलणारी फळी. तारेचं कंपन घोडीतून तिच्यात उतरतं आणि खालची पोकळी ते मोठं करते. फळी काठाला पक्की धरलेली असते, त्यामुळे काठ फारसा हलत नाही, हलतो तो मधला भाग. म्हणून काठावर थोडं वजन वाढलं तर आवाजाचं विशेष बिघडत नाही. तेच वजन मधे, घोडीच्या आसपास चढवलं, की फळी जड होते आणि नाद दबतो. आपल्या बायकांना हे सांगायलाच नको. लुगड्याला काठ-पदर जरीचे असतात आणि अंग साधं असतं, म्हणून तर ते नेसता येतं. घोडीच्या दोन बाजूंना पलगैवर जी दोन गोल फुलं दिसतात, ती पूर्वी हस्तिदंताची असत, आता प्लॅस्टिकची किंवा शिंगाची असतात. त्यांत बारीक छिद्रं पाडलेली असतात, तीही मोकळी राहिली पाहिजेत. पॉलिश करताना ती बुजलेली मी पाहिली आहेत.

हल्ली गिऱ्हाइकाची मागणी मात्र उलट दिशेने चालली आहे. तंजावरची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, कित्येकांच्या बैठकीत आहेत. मराठा राजांच्या काळात, विशेषतः सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या वेळी ती बहरली. फळीवर कापड चिकटवायचं, खडूची भुकटी आणि गोंद यांचा लेप देऊन दागिने उंच उठवायचे, काचेचे खडे बसवायचे आणि वर सोन्याचा वर्ख. तिथे हे सगळं शोभतं, कारण तिथल्या फळीला बोलायचं नसतं. तीच नजर घेऊन माणसं वीणेकडे येतात. पलगैवर गजलक्ष्मी पाहिजे, कुडमाच्या पाठीवर उठावाचे मोर पाहिजेत, खडे पाहिजेत. कुडमाच्या पाठीवर थोडंफार कोरीव काम चालतं, ते पूर्वीपासून आहे. पलगैवर गजलक्ष्मी आली की ती वीणा दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायची, वाजवायची नाही. त्यात गैर काही नाही. मात्र वीणा मांडायला हवी की वाजवायला, हे आसाऱ्याला आधी सांगावं. तो बिचारा विचारायला संकोचतो.

‘केव्हा’ हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किनार बसवायची पद्धत ऐकायला सोपी आहे. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या, टोकदार हत्याराने त्यांवर वेलबुट्टी कोरायची, कोरलेल्या रेषांत लाल, हिरवा, काळा रंग भरायचा आणि वरचा जास्तीचा रंग घासून काढायचा, म्हणजे तो फक्त रेषांत उरतो. पट्टीच्या पाठीला ओरखडे काढायचे, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकला कोणताही चिकट पदार्थ धरत नाही. मग चिकटवायचं, आणि गरज असेल तिथे बारीक चुका मारायच्या. पूर्वी सरस वापरत, इथे त्याला ‘वज्रम’ म्हणतात. आता बाजारात मिळणारी तयार रसायनं वापरतात. सरसाचा एक गुण नव्या रसायनांत नाही. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला पट्टी न मोडता काढता येते. घट्ट धरणाऱ्या नव्या रसायनाने बसवलेली पट्टी निघताना लाकडाचा कपचा घेऊन निघते.

अडचण लाकडाची आहे. तंजावरचं हवामान तुम्ही जाणता. चैत्र-वैशाखात सगळं करपतं आणि ऐप्पसी-कार्तिगैच्या पावसात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. लाकूड या दोन ऋतूंत फुगतं आणि आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लॅस्टिकची पट्टी लाकडाबरोबर तशी हलत नाही. म्हणून दांडीच्या लांबीने बसवलेली किनार वर्षानुवर्षं टिकते. पलगैच्या गोलाईवर जिथे ती लाकडाच्या रेषांना आडवी जाते, तिथेच ती पहिल्यांदा उचलते किंवा तिच्या सांध्यात फट पडते. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल आणि वर घाईने किनार चढवली, तर पहिल्याच उन्हाळ्यात हे होतं. नवरात्र आणि मार्गळीच्या आधी मागणी वाढते, तेव्हाची घाई हीच असते.

पट्टी उचलली तर फक्त दिसायला वाईट दिसतं असं नाही. ती बोलायला लागते. एखाद्या ठरावीक स्वराला वीणेतून बारीक भणभण ऐकू येते, बाकीच्या स्वरांना काही नाही. घरचे म्हणतात तार खराब झाली, तार बदलतात. मग घोडीवर संशय येतो. घोडीच्या माथ्यावर किंचित बाक दिलेली पितळी पट्टी राळेने बसवलेली असते, तिच्यावरच तारेचा नाद अवलंबून असतो, आपल्या जवारीसारखा. कोणी ती कानशीने घासतो आणि चांगला असलेला नाद घालवून बसतो. खरा चोर काठावर अर्ध्या इंचाने सुटलेली पट्टी असतो. तो स्वर छेडत ठेवून दुसऱ्याने काठावरून अंगठा दाबत जावं. अंगठा सुटलेल्या जागी आला की भणभण थांबते. एवढी परीक्षा घरी कोणालाही करता येते.

म्हणून जाणते आसारी किनारीचा मुख्य भाग बसवण्याआधी पलगैवर बोटाने टकटक करून ऐकतात. ती कुठे मंद बोलते, कुठे कोरडी, ते पाहून आतून आणखी थोडं लाकूड काढतात. पलगै कायमची बसून वर किनार चढली की हा मार्ग बंद. मी ज्यांच्याकडे बसायचो ते वृद्ध आसारी या टप्प्यावर कारखान्यातला रेडिओ बंद करायला लावत आणि कोणाशी बोलत नसत. किनार कोरताना मात्र गप्पा, चहा, राजकारण सगळं चालायचं.

दांडीवरच्या किनारीला आणखी एक नियम आहे, तो हाताचा. डावा हात दांडीवरून सतत खालीवर फिरतो आणि तार बाजूला ओढून स्वर वर नेतो. दांडीच्या कडेची पट्टी लाकडापासून नखभरही वर राहिली तर बोट तिला अडतं. ती लाकडाशी अगदी सपाट पाहिजे, कड गोल घासलेली पाहिजे. तसंच कुडमाच्या कडेला उजवा हात टेकतो, तिथे उठावाची नक्षी नको. आमच्या मुलीच्या मैत्रिणीची एक वीणा आहे, दिसायला अतिशय देखणी. वाजवायला बसण्याआधी ती उजव्या हाताखाली रुमालाची घडी ठेवते.

आणि पडद्यांखालचं काळं मेण. किनारीच्या विषयात मी ते मुद्दाम घेतो आहे. दांडीवर दोन समांतर ओळींत काळ्या मेणाचा बांध असतो, त्यात २४ पडदे रोवलेले असतात. बांधाची कड छोट्या कमानींसारखी कापलेली असते आणि बघणाऱ्याला ती काळी झालरच वाटते. वीणेचा सूर त्या झालरीत आहे. पडदे मेणात पुढेमागे सरकवून कानाने बसवतात, त्याला ‘मेळम’ म्हणतात. पडदे असे कायम बसवून सगळे राग एकाच वीणेवर वाजवायची सोय तंजावरच्या रघुनाथ नायकांच्या काळात (१६०० ते १६३४) झाली, असं परंपरा मानते. म्हणजे व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास इथे गादीवर आले, तेव्हा वीणा इथे मानाने नांदत होती. ती आपण आणली नाही, आपण तिचे कदरदान झालो. मेण उष्णतेने मऊ पडतं, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वीणा ठेवू नये. वरून काहीच बिघडलेलं दिसत नाही, पण पडदे हललेले असतात. काही वर्षांनी मेळम नव्याने करावंच लागतं.

आता खरी काळजीची गोष्ट. मेळम करणारे कान कमी होत आहेत. किनार कोरायला तरुण मुलगा काही महिन्यांत तयार होतो, मेळम करायला वर्षं लागतात, आणि बघणाऱ्याला यातली फक्त किनार दिसते. गिऱ्हाईक नक्षीचे पैसे वाढवून द्यायला तयार असतं. मेळमला वेगळे पैसे म्हटलं की त्याला आश्चर्य वाटतं. त्या वृद्ध आसाऱ्यांना मी एकदा विचारलं, “अय्या, मुलगा काय शिकला?” ते म्हणाले, “लोक जे विचारतात ते शिकला.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं. आपण मराठी माणसं इथे वीणा घेतो ती मुलीसाठी, लग्नात द्यायला, बदली होऊन जाणाऱ्या साहेबाला निरोपाची भेट म्हणून. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न मेळम कोणी केलं हा विचारून बघा. दुकानदार तुमच्याकडे नीट बघायला लागतो.

जुन्या घरांतल्या वीणांबद्दल थोडं सांगतो, कारण आज समोर तशी घरं बसली आहेत. त्यांवरची किनार हस्तिदंताची असू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. १९९१ मध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंतालाही बंदी आली. तेव्हा मोडलेल्या तुकड्याच्या जागी ‘तसाच’ आणून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, घेणाराही गुन्ह्यात येतो. अशी वीणा परदेशी मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर आधी वनखात्याकडे आणि त्या देशाच्या नियमांत काय आहे ते बघा. सगळी किनार उपटून नवी पांढरीशुभ्र बसवा, असा सल्लाही ऐकू नका. हस्तिदंत पिवळसर पडतो, त्यावर बारीक रेषा दिसतात, ते त्याचं वयच आहे. गेला तेवढाच तुकडा बदलावा. रंग थोडा वेगळा दिसला तर दिसू द्यावा.

आणि एखादी पट्टी निखळून पडली तर ती केरात टाकू नका. दोरा गुंडाळून किंवा सेलोटेप लावून घरीही बसवू नका, टेपचा चिकटा पॉलिश घेऊन निघतो. तुकडा पाकिटात घाला, कुठल्या जागेचा ते पाकिटावर लिहा आणि वीणेच्या खोळीत ठेवून द्या. पाऊस संपून हवा कोरडी झाली, पोंगलच्या पुढेमागे, की वीणा आणि पाकीट दोन्ही घेऊन आसाऱ्याकडे जा. तुकडा हातात असला तर तो त्याच मापाची आणि त्याच वेलीची पट्टी कापून देतो, आणि पुष्कळदा तोच जुना तुकडा परत बसतो.